फटीचा इतिहास

आकाशवाणीवरून फोन आला तेव्हा पलीकडच्या बाईंना वाटलं होतं, मी कवितेवर बोलेन. नाहीतर कोकणातल्या आमच्या बोलीवर, फार तर रमजानच्या आठवणींवर. मी म्हटलं, "टर्बाईनच्या पात्याच्या टोकावर बोलतो." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्या अदबीने म्हणाल्या, "सर, आपले श्रोते सर्वसामान्य असतात हं." मी म्हटलं, "मीही सर्वसामान्यच आहे. बी.ए. आहे, तेही मराठी घेऊन."

या विषयाचं कारण माझ्या टेबलावर पडलेलं आहे. पंख्याने कागद उडू नयेत म्हणून गेली वीसेक वर्षं मी एक धातूचं पातं ठेवतो. वीतभर लांब, एका अंगाने तळहातासारखं खोलगट, दुसऱ्या अंगाने मासोळीच्या पाठीसारखं फुगीर. उचललं तर मनगट लवतं. ईदला घरी येणारी पोरं त्याला खंजीर समजतात. भंगाराच्या लिलावातून रीतसर पावती फाडून घेतलेलं आहे. भांडारातल्या कारकुनाच्या घरी टर्बाईनचं पातं म्हटलं की लोकांच्या भुवया वर जातात, म्हणून आधीच सांगून टाकतो. या पात्याचं सगळं अंग शाबूत आहे. फक्त टोक खाल्लेलं आहे, उंदराने बिस्किटाचा कोपरा कुरतडावा तसं.

मी एका वायू विद्युत केंद्राच्या भांडार विभागात नोकरीला लागलो, तेव्हा गॅसवर वीज होते म्हणजे काहीतरी मोठी शेगडी पेटवत असतील, एवढीच माझी समजूत. दर मोठ्या दुरुस्तीनंतर बाद झालेली पाती खोक्यांतून भांडारात येत. त्यांची नोंद करायची. रजिस्टरात एक रकाना होता : कारण. माझ्या आधीच्या कारकुनाने तिथे वर्षानुवर्षं एकच शब्द लिहिला होता, 'झीज'. मीही तोच गिरवत राहिलो. चपलेची होते, पाटा-वरवंट्याची होते, तशी पात्याची झीज.

आमच्या वर्कशॉपमध्ये एक जुने फिटर होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. एकदा त्यांनी रजिस्टर उलटं फिरवून वाचलं आणि म्हणाले, "कविराज, झीज कशाची? घासलंय का हे कुठे?" मी टोकाकडे बोट दाखवलं. "घासलेलं चकाकतं. हे बघा, काळंनिळं आहे, पापुद्रे धरलेत. हे जळालंय."

"मग आगीतच असतं ना ते, तात्या. जळणारच."

"आग पात्याच्या सगळ्या अंगाला लागते. मग टोकच का जळालं?"

मला उत्तर देता आलं नाही. शब्दांचा धंदा करणारा माणूस, आणि सात-आठ वर्षं एका रकान्यात चुकीचा शब्द लिहीत होतो. त्या दिवसापासून मिळेल ते वाचत गेलो. केंद्रातले इंजिनीअर साहेब जुनी पुस्तकं देत, समजलं नाही तर चहाच्या वेळी समजावून सांगत. त्यातून जो इतिहास माझ्या हाती लागला, तो आज सांगतो.

टर्बाईन म्हणजे जत्रेतलं भिरभिरं. वारा आला की पाती फिरतात, एवढंच तत्त्व. फरक असा की हे भिरभिरं पिंपात बसवलेलं असतं. हवा आत ओढून दाबायची, तिच्यात इंधन जाळायचं आणि तो तापलेला, चिडलेला वायू पात्यांवर सोडायचा. चाक फिरतं, चाकाबरोबर दांडा, दांड्याबरोबर वीज बनवणारं यंत्र. आपल्याकडच्या मोठ्या संचांचं चाक मिनिटाला ३,००० फेरे मारतं. आता गंमत बघा. पातं पिंपाला टेकून चालणार नाही, टेकलं तर तुकडे होतील. म्हणून पात्याचं टोक आणि पिंपाची आतली भिंत यांच्यात फट ठेवावीच लागते. मोठ्या यंत्रात ती एक-दोन मिलिमीटरची, विमानाच्या इंजिनात त्याहूनही कमी. आणि पात्याच्या खोलगट अंगाला वायूचा दाब जास्त, फुगीर अंगाला कमी. दाब म्हटला की वायू वाट शोधणारच. काही वायू पात्याला ढकलण्याचं काम न करताच टोकावरून त्या फटीत शिरतो आणि पलीकडे पळतो. बिनतिकीट प्रवासीच तो.

नुसता पळाला असता तर फक्त नुकसान झालं असतं. पण पळता पळता तो भाजतो. कोकणात पावसाळ्यात दार बंद करून बसलेल्या माणसाला हे सांगायला नको. उघड्या दारातला वारा अंगावरून जातो, आणि दाराच्या फटीतून येणारा एखाद्या सुईसारखा बोचतो. चिंचोळ्या वाटेत वायूचा वेग वाढतो. धातूला चिकटून बसणारा वायूचा जो मंद थर एरवी थोडंफार पांघरूण घालतो, तो इथे पातळ होतो, फाटतो, आणि उष्णता सरळ आत घुसते.

या फटीशी पहिलं भांडण झालं ते वाफेच्या काळात. चार्ल्स पार्सन्स हा आयर्लंडमधल्या बर इथल्या एका उमरावाचा मुलगा. वडील खगोलशास्त्रज्ञ; त्यांनी १८४५ साली वाड्याच्या आवारात सहा फूट व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभी केली होती आणि १९१७ पर्यंत जगात तिच्याहून मोठी दुर्बीण नव्हती. मुलगा केंब्रिजला गणित शिकला आणि तिथून थेट कारखान्यात उमेदवारी करायला गेला. उमरावाच्या पोराने हात काळे करणं त्या काळात नवलाचंच होतं. १८८४ साली इंग्लंडमधल्या गेट्सहेड इथे त्याने आपलं पहिलं टर्बाईन चालवलं. दहा अश्वशक्तीचं, टेबलावर मावेल एवढं, आणि मिनिटाला १८,००० फेरे घेणारं.

त्याची युक्ती साधी होती. वाफेचा सगळा दाब एकाच चाकावर सोडला तर तिचा वेग इतका होतो की चाक तो झेलू शकत नाही. म्हणून पार्सन्सने एकामागे एक अशा कितीतरी रांगा केल्या आणि दाब थोडाथोडा उतरू दिला, घाटातली वाट वळणं घेत उतरते तसा. पण या युक्तीची किंमत फटीने वसूल केली. त्याच्या पद्धतीत फिरत्या पात्यांच्या दोन्ही अंगांतही दाबाचा फरक राहतो, म्हणजे वाफ फटीतून निसटणारच. शिवाय सुरुवातीच्या रांगांतली पाती बोटाच्या पेराहूनही आखूड. फूटभर पात्यावरची एक मिलिमीटरची फट आणि पेरभर पात्यावरची तेवढीच फट, यांत फार अंतर आहे. दुसऱ्या ठिकाणी निम्मं घर उघडंच राहिल्यासारखं होतं. पहिलं यंत्र वाफ भसाभस खात असे, त्यात या गळतीचा वाटा मोठा होता.

पार्सन्स काही रडत बसणारा माणूस नव्हता. दांडा जिथे पिंपातून बाहेर येतो तिथली गळती थांबवायला त्याने कडी आणि खाचा अशा एकात एक गुंतवल्या की वाफेला भुलभुलैयातून जावं लागे आणि प्रत्येक वळणावर तिचा जोर कमी होई. पात्यांच्या टोकांवर मात्र हा उपाय तितका सोपा नव्हता. तिथे वेगळी तडजोड झाली : त्याच्या पद्धतीच्या टर्बाईनमध्ये पात्यांची टोकं मुद्दाम धारेसारखी पातळ करू लागले. चुकून भिंतीला लागलंच तर ती धार झिजेल, पण पातं मुळासकट उपटणार नाही. फट लहान ठेवायची तर थोडी झीज सोसायची. माझ्या रजिस्टरातला शब्द त्या काळाला बरोबर लागू पडला असता.

१८९७ साली राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून स्पिटहेड इथे आरमाराचं संचलन होतं. पार्सन्सने आपली 'टर्बिनिया' ही बोट त्या युद्धनौकांच्या रांगांतून बिनधास्त पळवली. वेग ३४ नॉट, पाठलाग करणाऱ्या गस्ती बोटी मागेच राहिल्या. १९०६ साली 'ड्रेडनॉट' ही युद्धनौका टर्बाईनवर निघाली, १९०७ साली 'मॉरिटेनिया' हे प्रवासी जहाज. 'टायटॅनिक'चा मधला पंखासुद्धा पार्सन्सच्या टर्बाईनवर फिरत होता. बोलपटात ते दाखवत नाहीत. या सगळ्या जहाजांवर एक शिस्त असे. बंदरातून निघायच्या कितीतरी तास आधी टर्बाईन हळूहळू गरम करायला घ्यायचं. घाई केली तर दांडा एका अंगाने जास्त तापून वाकतो, फट एका बाजूने संपते आणि पात्यांच्या रांगाच्या रांगा सोलून निघतात. एवढं मोठं आरमार, आणि ते एका नखाएवढ्या अंतरावर अवलंबून.

वाफेच्या टर्बाईनमध्ये फटीने इंधन चोरलं, पण टोक जाळलं नाही. वाफ धातू जाळण्याइतकी गरम नव्हती. जाळपोळ सुरू झाली ती गॅस टर्बाईन आल्यावर.

नॉर्वेच्या एगिडियस एलिंगने १९०३ साली स्वतःला फिरवून वर ११ अश्वशक्ती उरवणारं पहिलं गॅस टर्बाईन चालवलं. पण खरी घाई विमानांनी केली. फ्रँक व्हिटल हा ब्रिटिश हवाई दलातला तरुण अधिकारी. त्याने १९३० साली जेट इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९३५ साली ते नूतनीकरणाला आलं तेव्हा पाच पौंड भरायचे होते. त्याच्याजवळ नव्हते, सरकारने भरले नाहीत, पेटंट गेलं. मला हा प्रसंग वाचताना दर वेळी पोटात कालवतं. पहिला संग्रह छापायला पैसे नसलेल्या कुठल्याही कवीला कालवेल. तरी व्हिटल हटला नाही. १२ एप्रिल १९३७ रोजी त्याचं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं आणि आवरेनासं झालं. आत इंधन साचलं होतं. किंकाळी चढत गेली, भोवतालची माणसं पळाली, व्हिटल एकटा झडपेशी उभा राहिला. पुढे ताणाने त्याची प्रकृती पार ढासळली. त्याच्या इंजिनाचं विमान मे १९४१ मध्ये उडालं. जर्मनीत हान्स फॉन ओहाइनचं इंजिन त्याच्या आधी, २७ ऑगस्ट १९३९ रोजीच उडालं होतं.

दोघांनाही सतावलं ते पात्यांनी. लाल होईपर्यंत तापलेलं पोलाद गरगर फिरवलं की ते ओल्या मातीसारखं हळूहळू लांबतं. लांबलं की फट संपते. इंग्लंडमध्ये यावर 'निमोनिक' नावाचा निकेलचा मिश्रधातू निघाला. माझ्या टेबलावरचं पातं त्याच कुळातलं. जर्मनीकडे निकेलची टंचाई होती. म्हणून युंकर्स कारखान्याच्या ००४ या इंजिनात पाती पोकळ केली आणि त्यांच्यातून थंड हवा खेळवली. आज जगातलं प्रत्येक मोठं गॅस टर्बाईन ज्या युक्तीवर चालतं, ती अशी टंचाईतून आली. तरी ती इंजिनं दहा-पंचवीस तासांत निकामी होत. ती बनवायला नॉर्डहाऊझेनजवळच्या डोंगरातल्या बोगद्यांत मिटेलबाऊ-डोरा छळछावणीतल्या कैद्यांना जुंपलं होतं. त्या छावणीत हजारो माणसं मेली. यंत्राच्या इतिहासाची पुस्तकं पात्याच्या पोकळीबद्दल पानं भरून लिहितात आणि बोगद्याबद्दल एखादी ओळ. माझ्याकडूनही आज एवढंच होतंय.

युद्धानंतर सगळी शर्यत तापमानाची झाली. वायू जितका गरम, तितकं काम जास्त आणि इंधन कमी. १९६०च्या सुमारास प्रवासी विमानांतही पोकळ पाती आली. मग पात्याला बारीक भोकं पाडून आतली हवा बाहेर सोडायला लागले. ती अंगावरून पातळ पडद्यासारखी पसरते आणि आगीला थेट भिडू देत नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तर अख्खं पातं एकाच स्फटिकाचं ओतून प्रवासी विमानांत बसवलं. साध्या धातूत लाखो कण असतात आणि उष्णतेत ते एकमेकांपासून सांध्यावर सुटतात. एकच कण असला तर सांधाच नाही! साच्याच्या बुडाशी स्प्रिंगसारखी वळलेली अरुंद वाट ठेवतात. तिच्यातून चढताना बाकीचे कण अडतात आणि एकच पुढे जातो. वर चिनी मातीसारख्या पदार्थाचा लेप. परिणाम असा की जो धातू १,३०० अंशांच्या पुढे वितळतो, तो १,५०० अंशांहून गरम वायूत तासन्‌तास फिरतो. ही जादू नाही, आतून फुंकलेली हवा आहे. आणि ती 'थंड' हवासुद्धा सहा-सातशे अंशांची असते बरं का. थंड-गरम हे सगळं शेजाऱ्यावर अवलंबून.

पण हे सगळे उपाय पात्याच्या अंगाला. टोकाला कोण विचारतो? आतून येणारी थंड हवा टोकापर्यंत पोचेतो स्वतःच तापलेली असते. टोकाच्या कडा बारीक. त्यांना दोन्ही अंगांनी आणि वरून अशी तिहेरी आच. लेप तिथेच आधी सुटतो. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे हे दुखणं स्वतःलाच वाढवतं. कड जळाली की फट वाढते. फट वाढली की जास्त गरम वायू शिरतो. तो आणखी जाळतो. सावकाराच्या व्याजासारखं.

तात्यांच्या प्रश्नाचं उत्तर शोधणारी माणसं जगभर होती. या अदृश्य वाऱ्याला बघायचं कसं, ही त्यांची अडचण. १९५४ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत रेन्स नावाच्या संशोधकाने पाण्याचा पंप घेतला. पाण्यात वेग फार वाढला की बुडबुडे होतात आणि त्या बुडबुड्यांनी टोकावरून निसटणाऱ्या प्रवाहाचा भोवरा डोळ्यांना दिसला. फटीतून सुटलेला प्रवाह सरळ जात नाही. पलीकडे निघताना तो मुख्य प्रवाहाला आडवा येतो आणि पिळाच्या दोरीसारखा गुंडाळत जातो. मूळचे कर्नाटकातले बुदुगूर लक्ष्मीनारायण पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात होते. या गळतीने किती नुकसान होतं ते मोजायची रीत त्यांनी १९७० साली मांडली. एका फेरीतल्या एकूण नुकसानीपैकी तिसरा हिस्सा कधी कधी या फटीच्या वाट्याला जातो, असं आज मानतात.

उष्णतेचं माप त्याहून अवघड. १९८२ साली मेल आणि मेट्झगर या दोन अमेरिकी संशोधकांनी एक उपकार केला. टोकासमोरची भिंत पात्याच्या तुलनेत वेगाने सरकत असते, तर त्या सरकण्याने किती फरक पडतो? त्यांना आढळलं की टोकाला सरासरी उष्णता किती लागेल ते मुख्यतः दाबाने ढकललेल्या प्रवाहावर ठरतं, सरकण्यावर जवळजवळ नाही. म्हणजे फिरतं चाक नको, स्थिर पात्यावरही मोजता येईल. त्यानंतर प्रयोगांची रीघ लागली.

त्यातला एक माझा सगळ्यांत आवडता. मिनेसोटा विद्यापीठात रिचर्ड गोल्डस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पात्याच्या टोकाला नॅप्थलीनचा थर दिला. नॅप्थलीन म्हणजे आपल्या डांबरगोळ्या! अम्मीच्या ट्रंकेत रेशमी ओढण्यांमध्ये ठेवलेल्या, वर्षभराने बघावं तर वाटाण्याएवढ्या उरलेल्या. वारा जिथे जास्त झोंबतो तिथे ती गोळी जास्त उडून जाते, आणि उष्णताही तिथेच जास्त झोंबते. दोन्हींचा हिशेब एकाच धाटणीचा. म्हणून आग न लावता, थंड हवेत, थर कुठे किती उडाला ते मोजलं की टोकावरच्या आगीचा नकाशा मिळतो. मी हे वाचलं त्या रात्री ट्रंक उघडून हुंगत बसलो होतो. बायको म्हणाली, "आता यावर कविता नको."

दुसऱ्या काहींनी रंग वापरले, उष्णतेप्रमाणे लालचे हिरवे आणि हिरव्याचे निळे होणारे द्रव-स्फटिकाचे लेप. बंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली अशा लेपाने वीजनिर्मितीच्या टर्बाईनच्या टोकाचं चित्र काढलं. वायू खोलगट अंगाच्या कडेवरून वळतो तेव्हा आधी धातूपासून सुटतो, मग पुन्हा येऊन आपटतो. जिथे आपटतो तिथे भाजणं जास्त. आणि मधल्या भागात एक निवांत जागा सापडली, जिथे आच सगळ्यांत कमी. माझ्या पात्यावर ती जागा मी बोटाने शोधतो. बाकीचं टोक खडबडीत, आणि तिथे थोडं गुळगुळीत लागतं. निदान मला तसं वाटतं.

अगदी अलीकडे, २०१० नंतर, एक नवाच धक्का बसला. बरीच जुनी मापं कमी वेगाच्या हवेतली होती. खऱ्या इंजिनात फटीतला वायू टोकाच्या बऱ्याच भागावर आवाजापेक्षा वेगाने धावतो. तिथे आगीचा नकाशा बदलतो; कमी वेगात जिथे जास्त भाजतं म्हणायचे, तिथे कमी भाजतं असं दिसून आलं. तीस वर्षं काढलेल्या चित्रांकडे लोकांना पुन्हा नव्याने बघावं लागलं. हे वाचून मला जरा धीर आला. रकान्यात चुकीचं लिहिणारा मी एकटा नव्हतो.

दरम्यान १९७३ साली तेल महागलं आणि फटीला भाव आला. विमानाच्या इंजिनात ही फट पाव मिलिमीटरने कमी केली तर सुमारे एक टक्का इंधन वाचतं. जगभरच्या विमानांचं एक टक्का म्हणजे किती, ते तुम्हीच मनाशी करा. पण फट एका जागी बसत नाही. विमान धावपट्टीवरून झेपावताना चाक एकदम फुगतं, फट जवळजवळ संपते. उंचावर गेल्यावर पिंप सावकाश तापून पसरलेलं असतं आणि फट रुंदावते. म्हणून उड्डाणाच्या वेळेला पुरेल एवढी फट ठेवली की बाकी सगळा प्रवास गळतीत जातो. यावर तोड अशी निघाली की पिंपाभोवती नळ्या गुंडाळायच्या आणि वर गेल्यावर त्यांतून थंड हवा सोडायची. पिंप आकसतं, फट मिटते. लोहार बैलगाडीच्या चाकावर तापलेली धाव चढवून पाणी ओततो ना, तीच रीत. शिवाय पिंपाच्या आतल्या भिंतीला मधमाश्यांच्या पोळ्यासारखं नरम अस्तर लावलं; टोक लागलं तर अस्तर कापलं जातं, पातं वाचतं. पार्सन्सने टोक झिजू दिलं होतं, यांनी भिंत झिजू दिली. टोकही सपाट न ठेवता भोवती बारीक कठडा आणि मध्ये खड्डा असं करू लागले. खड्ड्यात शिरलेला वायू घुटमळतो, गळती थोडी कमी होते. इंग्रजीत त्या टोकाला 'किंचाळणारं' अशा अर्थाचं नाव आहे. इंजिनीअरही अधूनमधून कवी असतात.

आपल्या देशाचं काय? 'कावेरी' या लढाऊ विमानाच्या इंजिनाचा प्रकल्प १९८९ साली मंजूर झाला. 'तेजस' विमान ४ जानेवारी २००१ रोजी उडालं ते अमेरिकी इंजिनावर, आणि २००८ साली कावेरी त्याच्यापासून वेगळं काढलं. कारणं एकापेक्षा जास्त होती, पण चर्चा पुन्हा पुन्हा तापलेल्या भागातल्या पात्यांशी येऊन थांबत असे. हे ज्ञान कुणी कुणाला सहजासहजी विकत नाही. तयार इंजिन मिळतं, तयार पातंही मिळतं, पण ते ओतायची रीत सहजासहजी मिळत नाही. २०२१ साली हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने एका हेलिकॉप्टर इंजिनासाठी एकाच स्फटिकाची साठ पाती ओतून हिंदुस्तान एरोनॉटिक्सला दिली. वर्तमानपत्रात ती बातमी आतल्या पानावर होती. मी कापून ठेवली आहे.

तात्या निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. शेवटच्या मोठ्या दुरुस्तीत त्यांनी मला भांडारातून यंत्राजवळ बोलावून घेतलं होतं. पिंपाचा वरचा अर्धा भाग उचललेला, चाकावर नवी पाती बसवलेली. त्यांच्या हातात फीलर गेज, चाकूच्या पात्यांसारख्या पातळ पट्ट्यांचा जुडगा. एकेक पट्टी ते खालच्या अर्ध्यातल्या टोक आणि भिंत यांच्यामध्ये सरकवत. एक सहज जायची, पुढची अडायची. मग आकडा सांगायचे आणि मदतनीस वहीत टिपायचा. "धरा," म्हणून त्यांनी पट्टी माझ्या हाती दिली. मी सरकवली. जराशी घासत गेली, पुस्तकाच्या दोन पानांतून कागदाची खूण जावी तशी.

"हीच ती वाट," तात्या म्हणाले. "एवढीच असते. उद्या पेटवल्यावर हिच्यातून काय जाणार आहे ते बघायला आपण कुणी नसतो."

आता भांडारात रजिस्टर नाही, संगणक आहे. बाद मालाचं कारण लिहायचं नसतं, यादीतून निवडायचं असतं : झीज, तडा, गंज, इतर. जळाल्याची नोंद करायला यादीत जागाच नाही. मी 'इतर' निवडतो. मग खाली एक लहान चौकट उघडते. तिच्यात लिहितो : टोक जळाले.

तेवढीच अक्षरं मावतात.